रविवारच्या नाश्त्याला फळं घातलेला बेक्ड फ्रेंच टोस्ट, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तव्यावरचा फ्रेंच टोस्ट बहुतेक घरांत होतो, आपल्याकडे तर तिखटच जास्त, अंड्यात कांदा मिरची कोथिंबीर आणि वरून सॉस. लागतो छानच, पण त्यात एक गोष्ट मला कायम खटकते, करणारं माणूस तव्यापाशी उभं आणि बाकीचे गरमगरम खातायत, आणि त्या माणसाच्या वाट्याला शेवटचे दोन स्लाइस येईपर्यंत टेबलावरून सगळे उठून गेलेले असतात. बेक्ड प्रकारात हे होत नाही. शनिवारी रात्री अर्धा तास काम, सकाळी उठून भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं, तोवर आंघोळी चहा पेपर सगळं आवरतं आणि मग सगळ्यांनी एकदम बसून खायचं, करणाऱ्यानेसुद्धा. मला हा प्रकार एवढा आवडण्याचं मुख्य कारण हेच.

अमेरिकेत हा असा रात्री भिजवून सकाळी बेक करायचा प्रकार खूप चालतो, ख्रिसमसच्या सकाळी वगैरे, आणि त्यांच्या रेसिपीत ब्लूबेरी आणि मेपल सिरप असतंच. ते वाचून लगेच महागड्या ब्लूबेरीच्या इवल्याशा डब्या शोधत फिरू नका. पुण्यात बारा महिने काही ना काही चांगलं फळ मिळतं, आणि कुठलं फळ कसं वापरायचं एवढं कळलं की झालं. ते खाली नीट लिहिलंय कारण खरी गंमत आणि खरी गडबड दोन्ही तिथेच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा पदार्थ बिघडतो तो जवळजवळ नेहमी पाण्यामुळे. ब्रेड ओला, फळं ओली, दूध जास्त, मग मधे लगदा होतो आणि लोकांना वाटतं अंडी कमी पडली. त्यामुळे पुढच्या प्रत्येक स्टेपमध्ये मी पाण्याबद्दलच बोलत राहणार आहे, कंटाळू नका.

काय काय लागेल (चार जणांना पोटभर)

ब्रेड साधारण 350 ग्रॅम, अंडी 4, फुल क्रीम दूध 400 मिली, फ्रेश क्रीम किंवा घरची साय फेटून 100 मिली, साखर 4 टेबलस्पून, व्हॅनिला 1 टीस्पून, दालचिनी पूड अर्धा टीस्पून, चिमूटभर मीठ, भांड्याला लावायला बटर, आणि चिरलेली फळं 250 ते 300 ग्रॅम. भांडं 8 इंची चौकोनी किंवा त्याच मापाचं काचेचं, उभट नको पसरट हवं, दोन-सव्वादोन इंच उंची पुरते. केकचा अ‍ॅल्युमिनियमचा टिनही चालतो.

मीठ विसरू नका, बटर अमूलचं खारं असेल तरी चिमूटभर घालाच, नाहीतर चव नुसती गोड आणि सपाट लागते. व्हॅनिला आवडत नसेल तर वेलची-जायफळ घाला, आंबा आणि केळ्याबरोबर तर मला वेलचीच जास्त आवडते.

ब्रेड

शिळा ब्रेड घ्यायचा म्हणतात ते नुसतं काटकसरीसाठी नाही. ताज्या ब्रेडमध्ये स्वतःचाच ओलावा भरपूर असतो, त्यात अजून दूध शोषायला जागा नसते आणि तो मऊ असल्यामुळे भिजला की फाटतो. वाळलेला ब्रेड दूध पिऊनही आकार धरून राहतो. बुरशी आलेला मात्र नाही हां, एक ठिपका दिसला तरी अख्खा पुडा फेका.

पुण्यात सगळ्यात सोपं आणि मला सगळ्यात आवडणारं म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीतले लादी पाव. सात-आठ पाव पुरतात. वरचं कवच पातळ पण चिवट असतं, आतला भाग जाळीदार, त्यामुळे कस्टर्ड (म्हणजे आपलं अंडं-दुधाचं मिश्रण) आत छान मुरतं आणि वरची टोकं खमंग होतात. शुक्रवारी आणून ठेवा, शनिवारी रात्री वापरा. दुसरा पर्याय अख्खा न कापलेला मिल्क ब्रेड, बेकरीवाल्याला सांगितलं की जाड स्लाइस करून देतो, एक इंचाचे मागा. पॅकेटमधला नेहमीचा पातळ सँडविच ब्रेड सगळ्यात शेवटचा पर्याय, चालतो पण तो नीट वाळवल्याशिवाय वापरायचाच नाही. सावरडो वगैरे हल्ली बऱ्याच कॅफेत मिळतो, त्याची साल चिवट राहते आणि आंबटपणा पुढे येतो, गोड टोस्टला मला नाही पटत.

पावाचे दीड इंचाचे तुकडे करा, हाताने तोडले तरी चालतील, उलट जास्त चांगलं कारण खडबडीत बाजू जास्त कुरकुरीत होते. ताटात पसरून 130 डिग्रीवर दहा-बारा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा, ब्राऊन करायचा नाहीये फक्त वाळवायचाय. झाला की नाही ते बघायला एक तुकडा उचलून नखाने वाजवा, कडेला टकटक असा कोरडा आवाज आला पाहिजे आणि मधे दाबलं तर किंचित दबला पाहिजे. पूर्ण खारी-टोस्टसारखा कडक झाला तर मग जास्त दूध पितो. बाहेर कोरडी हवा असेल तर हे सगळं न करता जाळीवर तीन-चार तास उघडा ठेवला तरी काम होतं, पावसाळ्यात मात्र ओव्हनच, पुण्याच्या जुलैतल्या हवेत काहीच वाळत नाही.

फळं, कुठली कधी आणि कशी

इथे मी थोडी जास्त लिहिणार आहे.

थंडीत स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली जीआय टॅग (म्हणजे त्या भागाचं खास उत्पादन म्हणून सरकारी नोंद) मिळालाय आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत पुण्यात ती ढिगाने असते, गाडीवर, मंडईत, सगळीकडे. धुताना हिरवी टोपी काढायच्या आधी धुवायची, टोपी काढून धुतली तर आतल्या पोकळीत पाणी शिरतं आणि आपली सगळी भानगड पाण्याचीच आहे. धुऊन पुसून मग चिरा, मोठी असेल तर चार तुकडे, लहान असेल तर दोनच. वर एक टेबलस्पून साखर घालून वीस मिनिटं ठेवा, तळाशी लाल रस जमेल, तो रस टोस्टमध्ये ओतायचा नाही, छोट्या पातेल्यात घेऊन चार-पाच मिनिटं उकळवून दाट करायचा आणि सकाळी वरून घालायचा. या एका कामाने अर्धा लगदा टळतो.

अंजीर आपल्या पुरंदरचे, त्यांनाही 2016 मध्ये जीआय मिळालाय. अंजीर या पदार्थासाठी फारच भारी, पाणी कमी सोडतो, स्वतःची गोडी असते आणि कडा भाजल्या की चव अजून खुलते. उभे चार भाग करा आणि कापलेली बाजू वर ठेवून बसवा. अंजीर घालणार असाल तर कस्टर्डमधली साखर एक चमचा कमी करा.

उन्हाळ्यात आंबा. हापूस असेल तर फोडी बेक करू नका, अक्षरशः वाया जातो, त्याचा वास गरम झाल्यावर उडतो. मी रस किंवा पल्प अर्धी वाटी कस्टर्डमध्ये घालते (तेवढं दूध कमी करून) आणि फोडी बेक झाल्यावर वर पसरते. तोतापुरी किंवा जरा आंबटसर कडक आंबा असेल तर तो आत बेक केलेला चालतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला हिमाचलकडचे पीच, आलूबुखार येतात, ते साल ठेवूनच जाड फोडी करून घाला, मस्त आंबटगोड होतं. सफरचंद आणि पेअर कच्चे घातले तर ब्रेड शिजतो पण फळ कचकच राहतं, म्हणून आधी चमचाभर बटरवर दालचिनी आणि साखर घालून पाच मिनिटं परतायचं. केळं बारमाही, काहीच सुचलं नाही तर केळं, पण सकाळी ऐनवेळी चिरा नाहीतर रात्रभरात काळं पडतं. नाशिकची बिनबियांची द्राक्षं अर्धी करून घातली तर ती भाजून जॅमसारखी होतात, हे कोणी फारसं करत नाही पण करून बघाच.

आता दोन सांभाळायची फळं. पहिलं अननस. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं जे दुधातली प्रोटीन्स तोडतं, रात्रभर दुधात राहिलं तर कडवट चव येते आणि कस्टर्डही नीट बसत नाही. तुकडे आधी पाच-सात मिनिटं साखरेबरोबर शिजवून घेतले की ते एन्झाइम निकामी होतं, मग बिनधास्त. डब्यातला अननस आधीच उष्णता दिलेला असतो म्हणून तो चालतो. कच्ची पपई आणि किवीचंही तेच. दुसरं सीताफळ. पावसाळा संपता संपता सासवडकडून इतकी सुंदर सीताफळं येतात की मोह होतोच, पण सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. त्यामुळे बेकमध्ये अजिबात नाही. टोस्ट साधा करा, आणि गार सीताफळाचा गर थोड्या क्रीममध्ये कालवून खाताना वर घाला. गरम टोस्टवर गार सीताफळ, आमच्याकडे दिवाळीच्या आसपास हाच होतो.

डाळिंबाचे दाणेही वरूनच, बेक केले तर सुरकुततात.

शनिवारी रात्री

मोठ्या बाऊलमध्ये अंडी फोडून साखर, मीठ घालून व्हिस्कने किंवा साध्या काट्याने फेटा, फेस आणायचा नाहीये, फक्त पांढरं आणि पिवळं नीट एकजीव व्हायला हवं. दालचिनी अंड्यातच घाला, दुधात घातली तर वर तरंगत राहते. मग दूध, क्रीम, व्हॅनिला. दूध गार किंवा कोमट असावं, गरम दूध ओतलं तर अंडं तिथेच शिजून गुठळ्या होतात. आणि हे मिश्रण एकदा गाळणीतून गाळा. अंड्यात जे पांढरे दोऱ्यासारखे असतात ते शिजल्यावर घट्ट होऊन दाताखाली येतात, अंड्याचा वास न आवडणाऱ्या माणसाला तिथेच कळतं. घरात कोणी असं असेल तर गाळणं आणि बेकिंग जास्त न करणं या दोन गोष्टी पाळा, वास येत नाही.

भांड्याला बटर लावा, कोपऱ्यात नीट. ब्रेडचे अर्धे तुकडे पसरा, त्यावर फळांतली एक तृतीयांश फळं (केळं सोडून), मग उरलेला ब्रेड. कवचाच्या बाजू जमेल तितक्या वर आणा. आता कस्टर्ड हळूहळू सगळीकडून ओता, एकाच जागी नको. हाताने किंवा चमच्याच्या पाठीने हलके दाबा, पाच मिनिटं थांबा, परत दाबा. वर थोडी टोकं कोरडी दिसली पाहिजेत, सगळं बुडालं तर कुरकुरीत काहीच राहत नाही.

झाकण किंवा फॉइल घट्ट लावून फ्रीजमध्ये. घट्ट एवढ्यासाठी की दूध-अंडं फ्रीजमधले वास लगेच ओढून घेतं, शेजारी चिरलेला कांदा किंवा आंबलेलं इडलीचं पीठ असेल तर सकाळी त्याचीच चव. आणि रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही, थंडीचे दिवस असले तरी, कच्चं अंडं आहे त्यात. आठ ते बारा तास बास, त्याहून जास्त भिजला तर ब्रेडचा पोत जातो. रात्री जमलंच नाही तर सकाळी अर्धा-पाऊण तास भिजवूनही करता येतो, चव थोडी वेगळी येते, मधे जरा ब्रेडपणा राहतो, काहींना तेच आवडतं.

रविवारी सकाळी

उठल्या उठल्या भांडं बाहेर काढून ठेवा, निदान वीस मिनिटं. काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये कधीच घालू नये, तडकू शकतं, आणि शिवाय गार मिश्रण मधे शिजायला वेळ घेतं तोवर कडा करपतात.

आता भांडं एका बाजूला किंचित कलतं करून कोपऱ्यात बघा. चमचा-दोन चमचे कस्टर्ड जमा झालं तर अगदी बरोबर. तळंच साचलं असेल तर पावाचे एक-दोन कोरडे तुकडे त्या जागी खुपसा, दहा मिनिटांत पितात. आणि काहीच ओघळलं नाही, ब्रेड वरून कोरडाच वाटतोय, तर पाव वाटी दूध शिंपडा. हे बघायला अर्धं मिनिट लागतं आणि सगळा निकाल इथेच ठरतो.

ओटीजी (घरचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) 180 डिग्रीवर दहा मिनिटं आधी तापवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. उरलेली फळं आता वर लावा. भांडं मधल्या रॅकवर, फॉइल सैल झाकून आधी वीस मिनिटं, मग फॉइल काढून अजून पंधरा ते वीस. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच, 170 ठेवा कारण त्यात पंखा असतो आणि वरून लवकर रंग येतो. नुसत्या मायक्रो मोडवर हा प्रकार होत नाही, रबर होतो.

वरून कुरकुरीत थर हवा असेल तर पुण्यात राहून एक गोष्ट करायलाच पाहिजे, श्रूजबेरी बिस्किटं. कयानी बेकरीची असोत की तुमच्या जवळच्या बेकरीची, चार-पाच बिस्किटं हाताने जाडसर चुरा आणि मूठभर बदामाचे काप त्यात मिसळा, बटर वेगळं घालायची गरज नाही कारण बिस्किटात ते भरपूर असतं. हा चुरा फॉइल काढल्यावर लगेच नाही तर शेवटच्या दहा मिनिटांत घालायचा, आधी घातला तर साखरेमुळे काळा पडतो.

झालं कधी म्हणायचं? कडा फुगून भांड्यापासून जरा सुटतात, फळांच्या रसाचे बुडबुडे आधी भराभर येतात आणि मग दाट होऊन संथ होतात. मधोमध सुरी घालून बघा, सुरीवर पातळ दुधाळ पाणी आलं तर अजून पाच मिनिटं, ओलसर पण घट्ट असं लागून आलं तर काढा. भांडं हलवल्यावर मधला भाग अगदी थोडा थरथरला तरी चालेल, बाहेर काढल्यावर तो आतल्या उष्णतेने बसतो. किचन थर्मामीटर असेल तर मध्यभागी 75 डिग्रीच्या आसपास आलं की झालं. जास्त वेळ ठेवलं तर अंडं आकसतं, पाणी सोडतं आणि वासही तेव्हाच येतो. बाहेर आल्यावर फुगलेला टोस्ट खाली बसणार, घाबरू नका, तसंच होतं. दहा मिनिटं थांबून मगच कापा, लगेच कापला तर मोडतो.

वर काय घालायचं? मेपल सिरप असेल तर उत्तमच, पण ते खरं सिरप मेपलच्या झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवून एक लिटर होतं, म्हणून महाग असतं, आणि स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा नुसता फ्लेवर घातलेला पाक असतो. त्यापेक्षा आपली काकवी घ्या. पातळसर कोल्हापूरची काकवी, थोडी कोमट करून, अंजीर किंवा केळ्याच्या टोस्टवर. मला ती मेपलपेक्षा कणभरही कमी वाटत नाही. स्ट्रॉबेरी असेल तर तो रात्रीचा दाट केलेला रस आणि घट्ट गार चक्का, बास.

अंडं नको असेल तर

श्रावण आहे, किंवा घरात आजी-आजोबा खात नाहीत, तर कस्टर्ड पावडर. ही पावडर मुळात त्यासाठीच निघाली, 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने केली कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, त्यात मुख्य कॉर्नफ्लोअरच असतो. अर्धा लिटर दुधाला दोन टेबलस्पून पावडर थोड्या गार दुधात कालवून उकळत्या दुधात घाला, साखर घाला, चमच्याच्या पाठीला पातळ थर बसेल इतकंच शिजवा, खीर करू नका. कोमट झालं की ब्रेडवर ओता. कच्चीच कालवून ओतली तर पावडर तळाशी बसते आणि वरचा ब्रेड नुसता दुधात राहतो. हे दाट असल्यामुळे ब्रेडचे तुकडे जरा लहान करा. बेकिंग 180 वर पंचवीस-तीस मिनिटं पुरतं. बिस्किटंसुद्धा बिनअंड्याची आहेत ना ते पुड्यावर बघून घ्या.

ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून आधी दहा मिनिटं तापवा, मग टिन आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. वरून रंग येणार नाही, पण पूर्ण गार झाल्यावर चौकोन कापून तव्यावर बटरमध्ये दोन्ही बाजूंनी परतला की खमंग लागतो.

आणि उरला तर, म्हणजे क्वचितच उरतो, डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. सोमवारी डब्यात द्यायचा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मऊ पडतो. तव्यावर बारीक गॅसवर झाकण न ठेवता दोन्ही बाजू शेकून घ्या आणि डब्यात भरण्याआधी जरा निववा, नाहीतर वाफेने परत ओला होईल.